सोलापुरातून पूर्ण रिमोट कंपनी चालवणं: आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमची कंपनी सोलापुरातली, पण तिला ऑफिस नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची देखभाल करणं आणि त्यांच्या ग्राहकांना सपोर्ट देणं हे आमचं काम. माणसं जुळे सोलापूर, विजापूर रोड, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशी पसरलेली आहेत, काही पुण्यात, काही कलबुर्गीकडं. कंपनी काढू बघणारे, आमच्याकडं नोकरी बघणारे आणि त्यांचे आईवडील यांचे फोन येत असतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथं घेतलेत.

पूर्ण रिमोट म्हणजे नक्की काय? कोरोनात सगळेच घरून काम करत होते की.

करत होते, पण २०२० मध्ये ऑफिस बंद होतं म्हणून माणसं घरी बसली आणि काम मात्र ऑफिसच्याच पद्धतीनं चाललं, म्हणजे सकाळी हजेरीचा कॉल, दुपारी आढाव्याचा कॉल, संध्याकाळी दिवसभरात काय केलं ते सांगायचा कॉल. पूर्ण रिमोट कंपनीत परत जायला ऑफिसच नसतं. त्यामुळं भरती, पगार, सुट्टी, निर्णय, दोघांचं वाजलं तर ते मिटवणं, या सगळ्याची पद्धत पहिल्यापासून वेगळी बसवावी लागते.

हे काही नवीन खूळ नाही. वेबसाईट बनवायच्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरवाली, ऑटोमॅटिक (Automattic) नावाची कंपनी २००५ पासून अशीच चालते, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं एक मोठं ऑफिस होतं, तिथं कोणी फारसं येईना म्हणून २०१७ मध्ये त्यांनी ते बंद केलं. गिटलॅब ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना साधनं पुरवणारी कंपनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॅसडॅक शेअर बाजारात लिस्ट झाली तेव्हा त्यांच्या कागदपत्रात मुख्य ऑफिसचा पत्ताच नव्हता, आम्ही रिमोट आहोत, मुख्यालय ठेवत नाही असं सरळ लिहिलेलं.

अर्धे ऑफिसात, अर्धे घरी असं नाही का चालत?

चालतं, पण घरी बसलेल्याचं नुकसान होतं. ऑफिसातले चौघं खाली चहाला जातात, तिथं काहीतरी ठरतं, बार्शीत बसलेल्या माणसाला ते दोन दिवसांनी कळतं, मग तो विचारतो आणि बाकीच्यांना वाटतं हा सारखा शंका काढतोय. वर्षभरात प्रमोशन कोणाला मिळतं ते बघा, साहेबाच्या डोळ्यासमोर जो असतो त्याला. तरी तसंच चालवायचं असेल तर एक नियम पाळा, एक जण जरी बाहेरून कॉलला येणार असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, पाच जण एका खोलीत आणि एक जण स्क्रीनवर असलं करायचं नाही.

सोलापूरच का? पुण्यात कंपनी काढली असती तर माणसं पटापट मिळाली असती.

पुण्यात मिळणाऱ्या माणसांतली किती माणसं मुळात आपल्याच जिल्ह्यातली आहेत हे शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये जाऊन बघा. वालचंद, ऑर्किड या इथल्या कॉलेजांतून पोरं इंजिनिअर होतात आणि निकाल लागायच्या आत हिंजवडीला खोली बघायला लागतात, कारण इथं राहिलो तर काही होणार नाही हे घरातूनच कानावर पडलेलं असतं. आईवडील इथं, घर इथं, आणि पगारातला मोठा वाटा तिकडच्या भाड्यात. हे बदलता येतं असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि ते बदलायचं तर ऑफिस पुण्यात काढून कसं चालेल.

ऑफिस नाही तर कंपनी रजिस्टर कशी होते?

इथं आपला कायदा अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणं कंपनीला नोंदणीकृत पत्ता असावाच लागतो, नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, जिथं सरकारी पत्र पोचेल आणि कोणीतरी पोच देईल असा. पण तो पत्ता म्हणजे ऑफिसच पाहिजे असं कुठंही नाही, राहतं घर चालतं. घराचं लाईटबिल लागतं, दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि घर ज्याच्या नावावर आहे त्याचं ना हरकत पत्र. वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांचं, भाड्याचं असेल तर भाडेकरार आणि मालकाचं. घरमालक इथं बिचकतात, त्यांना वाटतं घरावर कंपनीचा हक्क लागला, तर आधीच शांतपणे समजावून सांगा.

दाराबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता लिहिलेली पाटी लावावी लागते आणि ती तिथल्या लोकांच्या लिपीतही असली पाहिजे, म्हणजे आपल्याकडं मराठीतही. लेटरहेडवर आणि बिलावर कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर येतो.

प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात. बोर्डाच्या मीटिंगला सगळ्यांनी एका खोलीत बसायची गरज नाही, व्हिडिओवर घेतलेली मीटिंग कायद्याला चालते, फक्त नोंद नीट ठेवा. आता नवीन कंपनी नोंदवतानाच पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्सचा नंबरही मिळतो, जीएसटी तेव्हाच घ्यायचा का नंतर हे तुमच्यावर. सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी घ्यावाच लागतो.

परदेशातून पैसे येतात, त्याचं काय?

परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा जीएसटीत निर्यात धरतात, कर शून्य. पण त्यासाठी दरवर्षी एलयूटी, म्हणजे आधी कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र भरायचं, नवीन आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आधी, ते राहिलं तर आधी कर भरा आणि मग परतावा मागत बसा. बँकेकडून प्रत्येक पेमेंटचं परकीय चलन आल्याचं पत्र घेऊन ठेवा, तेव्हाच्या तेव्हा. बाकी निर्यातीची कामं नेहमी करणारा सीए बघा, आपल्याकडं चादर आणि टॉवेल बाहेर पाठवणारे कारखानदार काय कमी आहेत का, त्यांचे सीए या गोष्टी कोळून प्यालेले असतात.

माणूस समोर दिसत नाही, मग तो काम करतोय हे कळणार कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा ज्यानं स्वतः माणसं सांभाळलीत असाच असतो, म्हणून नीट उत्तर देतो.

ऑफिसात माणूस दिसतो म्हणून तो काम करतोय असं आपण धरून चालतो, ते खरं असतंच असं नाही. रिमोटमध्ये ते धरून चालता येत नाही, त्यामुळं काम म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं आणि खरी मेहनत तिथंच आहे. आमच्याकडं सोमवारी प्रत्येक जण या आठवड्यात काय पूर्ण करणार ते दोनचार ओळींत लिहितो, शुक्रवारी त्यातलं काय झालं, काय राहिलं, का राहिलं ते लिहितो. हे सगळ्यांना दिसतं, आमचंही सगळ्यांना दिसतं. तीन आठवडे सलग राहिलेल्या कामांचीच यादी मोठी असेल तर फोन करून विचारायचं, काय झालंय, घरी काही आहे का, काम जास्त आहे का, का काम समजलंच नाही. बहुतेक वेळा शेवटचं कारण निघतं.

दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं, माऊस किती हलला ते मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. माऊस हलवायला माणूस लगेच शिकतो, काम शिकायचं राहून जातं, आणि जो मनापासून करत होता त्याचा जीव उडतो. ज्याच्यावर इतका संशय आहे त्याला कामावर घ्यायचंच कशाला?

सगळं लिहून ठेवा म्हणता, म्हणजे नक्की काय लिहायचं?

आमच्या मते सगळी कंपनी यावरच उभी राहते, म्हणून हे उत्तर लांब होणार.

ऑफिसात माहिती माणसांच्या डोक्यात असते आणि शेजारच्या टेबलावर विचारून मिळते. रिमोटमध्ये शेजारचं टेबल नाही. त्यामुळं जे लिहिलेलं नाही ते कंपनीला माहीतच नाही असं समजा. आमच्याकडं एक सामायिक वही आहे, ऑनलाईन, तिच्यात पगार कसा ठरतो, सुट्टी कशी मागायची, ग्राहकाचा रागाचा फोन आला तर पहिल्यांदा काय बोलायचं, सर्व्हर बंद पडला तर कोणाला उठवायचं, सगळं आहे. गिटलॅबनं त्यांची अशी वही जगाला उघडी ठेवलीय, कोणीही वाचू शकतं, आम्ही सुरुवातीला तीच वाचत बसायचो. नक्कल करू नका, त्यांची कंपनी लै मोठी आहे, पण कुठल्या कुठल्या गोष्टी लिहाव्या लागतात याचा अंदाज येतो.

निर्णय लिहायची आमची पद्धत अशी: काय ठरलं, का ठरलं, दुसरे कुठले पर्याय होते आणि ते का सोडले, जबाबदारी कोणाची, परत कधी बघायचं. यातलं "का" सोडू नका. सहा महिन्यांनी नवीन माणूस येतो आणि विचारतो हे असं कशाला करता, तेव्हा काय ठरलं होतं ते सगळ्यांना आठवतं, कशासाठी ठरलं होतं ते कोणालाच आठवत नाही.

मेसेज लिहायचंही तसंच. "सर आहे का?" असा मेसेज टाकून थांबायचं नाही. समोरचा दोन तासांनी "हो बोला" म्हणणार, तोवर तुम्ही जेवायला गेलेले असणार, आणि अर्धा दिवस नुसता नमस्कारात गेला. एका मेसेजमध्ये पूर्ण लिहा. उदाहरणार्थ, "अमुक ग्राहकाच्या बिलात कर दोनदा लागतोय, मार्चनंतरच्याच बिलांत होतंय, मी दरांचा तक्ता तपासला तो बरोबर आहे, मला वाटतं सवलतीच्या हिशोबात घोळ आहे, उद्या दुपारपर्यंत बघितलं तरी चालेल." वाचणाऱ्याला काही विचारावंच लागत नाही आणि घाई किती आहे तेही कळतं.

व्हॉट्सॲपवर काम करत नाही आम्ही. लोकांना हे पटत नाही, सगळा देश त्याच्यावर चालतो म्हणतात, चालत असेल, पण तिथं निर्णय हुडकून सापडत नाही, मामाच्या मुलाच्या साखरपुड्याचे फोटो आणि ग्राहकाची तक्रार एकाखाली एक येतात, आणि माणूस रात्री अकराला फोन हातात घेतो तेव्हा काम परत डोळ्यासमोर. कामाचं बोलणं कामाच्या जागी, स्लॅक घ्या, झोहो क्लिक घ्या, काहीही घ्या, पण वेगळं ठेवा. व्हॉट्सॲप फक्त लाईट गेली, नेट गेलं हे कळवायला.

लिहायचं कुठल्या भाषेत?

वहीतलं सगळं सोप्या इंग्रजीत, कारण कलबुर्गीकडच्या सहकाऱ्यांना मराठी वाचायला जड जातं. एकमेकांना मेसेज ज्याला ज्या भाषेत नीट सांगता येतं त्या भाषेत. सोलापुरात घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी असं वाढलेल्या पोरांना भाषा बदलायची सवय लहानपणापासूनच असते. इंग्रजी कच्चं आहे म्हणून शांत बसलेला हुशार मुलगा आम्ही बघितलाय, त्याला मराठीत लिही म्हणल्यावर पानभर मुद्देसूद लिहून दिलं त्यानं. विचार स्पष्ट असला की इंग्रजी मागून येतं.

मीटिंग किती घेता?

कमीत कमी. आठवड्याला टीमचा एक कॉल, आणि प्रत्येकाचं त्याच्या वरिष्ठाशी पंधरा दिवसांतून एकदा निवांत बोलणं, ज्यात कामाची यादी काढायची नाही. काय विचारायचं हे आधी लिहिलेलं नसेल तर मीटिंग होत नाही.

अमेरिकेचा ग्राहक असला की रात्रपाळी आलीच ना?

सगळ्यांना नाही. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागं असतं, तिकडं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं, हे दोन रविवार कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. आपली संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ त्यांची सकाळ असते, बोलायचं ते तेवढ्यात बोलायचं आणि बाकी लिहून. ज्याची संध्याकाळची पाळी त्यानं सकाळी काम करायचं नाही, हा नियम मालकानं स्वतः पाळला तरच बाकीचे पाळतात. युरोपचे ग्राहक त्या मानानं सोयीचे, जर्मनीशी फरक साडेतीन ते साडेचार तासांचा.

लाईट जाते, नेट जातं, त्याचं काय करता?

हा सोलापुरातला अगदी खरा प्रश्न. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, भर दुपारी लाईट गेली की माणूस काम काय करणार, बसवतसुद्धा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वळवाचा पाऊस आला की तारा तुटतात.

हिशोब सोपा आहे. लॅपटॉप साधारण ६० वॅट, राऊटर १२ वॅट, छताचा पंखा ७५ वॅट, म्हणजे दीडशेच्या आत. १५० एएचच्या एका बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, त्यातले वापरता येणारे अकराशेच्या आसपास धरा, म्हणजे सात तास आरामात निघतात. बॅटरी जुनी असेल तर कमी, आणि पाणी टाकायला विसरू नका. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर नाही त्यांनी निदान राऊटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घ्यावा, तळहाताएवढा असतो, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि कॉल तुटत नाही.

नेटचे दोन मार्ग पाहिजेत, घरात फायबर आणि मोबाईल दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही एकाच कंपनीचे घेतले तर दोन्ही एकदमच जातात. व्हिडिओ कॉलला तीनचार एमबीपीएस पुरतात, शंभरचा प्लॅन घेऊन अडकत असेल तर आधी राऊटरची जागा बदला, आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दगडी भिंतीतून वायफाय जात नाही.

हा सगळा खर्च कंपनीनं द्यायचा. ऑफिस असतं तर भाडं, एसी, जनरेटर, चहा यांचे पैसे कंपनीनंच दिले असते, ते वाचले म्हणून कामगाराच्या लाईटबिलावर ढकलायचे हे योग्य नाही. आम्ही इन्व्हर्टर आणि खुर्ची एकदा देतो, नेटचे दर महिन्याला देतो.

पगार सोलापूरचा का पुण्याचा?

कामाचा. पत्ता बघून पगार कापणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचं म्हणणं गावात खर्च कमी. आम्हाला ते पटत नाही. ग्राहक आपल्याला पैसे देताना काम बघतो, विजापूर रोडला राहतो का बाणेरला हे बघत नाही, मग तो फरक मालकाच्याच खिशात का जावा? आणि इथं राहणाऱ्या माणसाचा खर्च दुसऱ्या रस्त्यानं निघतोच, आईवडिलांचं औषधपाणी, काही दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या पाण्यामुळं टाकी, मोटर, टँकर. एका पदाला एक पगार, आणि पगाराची पायरी वहीत सगळ्यांना दिसते.

घरून काम आहे तर पीएफ वगैरे कशाला, कंत्राटावरच घेतलं तर?

असं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. सोलापूरकरानं तरी हा सल्ला ऐकू नये. आपल्या शहरात घरबसल्या काम हजारो बायकांनी पिढ्यान् पिढ्या केलंय, विड्यांचं. कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणायचा, पान कापायचं, वळायचं, हजारानं मोजून परत द्यायचं. आणि घरी काम करते म्हणून ती कामगारच नाही असं म्हणता येऊ नये यासाठी १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणारीलाही कामगार धरलं. ज्या गावात अक्कानं विडीवर पीएफ मिळवला त्या गावात लॅपटॉपवर काम करणाऱ्या तिच्या नातीला तुम्ही कंत्राटावर ठेवणार?

कायद्याप्रमाणं २० माणसं झाली की पीएफ बंधनकारक, त्याआधीही स्वखुशीनं देता येतो, आम्ही पहिल्यापासून दिला. ईएसआय १० माणसांपासून, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना, कंपनीचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २५००, आणि बायकांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर माफ. माणूस दुसऱ्या राज्यात राहत असेल तर तिथला प्रोफेशनल टॅक्स लागू होतो का हे सीएला विचारा, कर्नाटकचा वेगळा आहे. जो खरोखर स्वतःची पाच गिऱ्हाईकं सांभाळून आपलंही काम करतो तो फ्रीलान्सर, त्याला तसा करार करा, टीडीएस कापा. जो रोज फक्त तुमचंच काम करतो तो तुमचा माणूस आहे.

बायकांसाठी हे सोयीचं आहे का?

आहे, आणि त्यात धोकाही आहे. लग्नानंतर, बाळंतपणानंतर नोकरी सोडलेल्या चांगल्या शिकलेल्या बायका सोलापुरात घरोघरी आहेत आणि आमची काही उत्तम माणसं त्यांतलीच. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीपासून रजेनंतर दोघांच्या संमतीनं घरून काम करायची तरतूदही कायद्यात आहे.

धोका हा की ती घरीच आहे म्हणून स्वयंपाकही तिचा, पाहुणेही तिचे, नळाला पाणी आलं की हंडेही तिचेच. नोकरी आणि घर दोन्ही एका वेळेला एका माणसाकडून होत नाही. आम्ही जॉईन होताना, तिची इच्छा असेल तर, घरच्यांशीही एकदा बोलतो, सासूबाईंशी, नवऱ्याशी, की या वेळेत ताई ऑफिसात आहेत असं समजा. आश्चर्य वाटेल पण बहुतेक घरं ऐकतात, कोणीतरी आदरानं सांगायची वाट बघत असल्यासारखी.

आणि पॉश कायदा, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, घरून कामालाही लागू होतो. २०१३ च्या त्या कायद्यात कामाच्या जागेत राहतं घरसुद्धा धरलंय. दहा माणसं झाली की अंतर्गत समिती करावीच लागते, बाहेरचा एक सदस्य घेऊन. कॉलवर केलेली शेरेबाजी, रात्री पाठवलेला नको तो मेसेज, हे सगळं त्यात येतं. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते, हे प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगा.

घरात जागाच नाही, दोन खोल्यांत सहा माणसं. मग?

अशा घरातली हुशार पोरं आहेत आणि त्यांना या कारणानं नाकारणं आम्हाला जमणार नाही. अभ्यासिका आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत पण तिथं बोलता येत नाही, त्यामुळं लिहायचं आणि कोडचं काम तिथं आणि कॉल दुसरीकडं असं काही जण करतात. को-वर्किंगमधल्या टेबलाचं भाडं कंपनी देते. त्या माणसाचे कॉल एकाच वेळेला लावा, दिवसभर पसरू नका.

फ्रेशरला घेता का? घरी बसून तो शिकणार काय?

घेतो, पण थोडे, कारण शिकवायला माणूस मोकळा ठेवावा लागतो. पहिले तीन महिने त्याला एक जोडीदार असतो, रोज तासभर दोघं एकच स्क्रीन बघत काम करतात. फ्रेशरला सगळ्यात जास्त भीती प्रश्न विचारायची असते, ऑफिसात समोरच्याचा चेहरा बघून तो ठरवतो विचारू का नको, इथं चेहरा नाही. म्हणून त्याला सांगतो, अर्धा तास स्वतः प्रयत्न कर, नाही सुटलं तर विचारायचंच, आणि सगळ्यांसमोर विचारायचं, खासगीत नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही मोठी माणसं मुद्दाम आमचे प्रश्न सगळ्यांसमोर विचारतो, मग तोही विचारायला लागतो.

निवड कशी करता?

आधी लेखी. एक खरा प्रसंग देतो आणि उत्तर लिहून मागतो, कारण पुढं रोज तेच करायचंय. मग दोन दिवसांचं खरं काम, त्याचे पैसे देऊन. फुकट काम करून घेऊन "कळवतो" म्हणणं बरोबर नाही. कॉलेज कुठलं, किती टक्के, हे शेवटी बघतो, कधी बघतही नाही.

मुलगा दिवसभर घरीच असतो, स्थळं येतात ती विचारतात नोकरी खरी आहे का. काय सांगायचं?

काका, काकू, हा प्रश्न तुम्ही संकोचानं विचारता, संकोच करू नका. ऑफर लेटर, पगाराची स्लिप, पीएफचा पासबुक, फॉर्म १६ दाखवा, कंपनीचं नाव सरकारच्या कंपनी खात्याच्या वेबसाईटवर कोणालाही तपासता येतं. कोणाला आमच्याशी बोलायचं असेल तर आम्ही बोलतो, याआधी बोललोय.

वर्क फ्रॉम होमच्या जाहिराती येतात त्या खऱ्या असतात का?

ज्यात आधी पैसे मागतात त्या खोट्या. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, काहीही नाव असो. डेटा एंट्री देतो म्हणून करार करायचा आणि मग चुका जास्त निघाल्या, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस, हाही प्रकार चालतो आणि पोरी घाबरून पैसे भरतात. व्हिडिओ लाईक करा, टास्क करा, आधी शंभर रुपये देतात आणि मग हजार मागतात, तेही तसलंच. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा, जेवढ्या लवकर लावाल तेवढी रक्कम थांबायची शक्यता जास्त.

एकटं वाटत नाही का?

वाटतं. खोलीवर एकट्या राहणाऱ्याला जास्त, एकत्र कुटुंबातल्याला कमी. लिहिण्यानं काम होतं, ओळख होत नाही, त्यासाठी भेटावंच लागतं. जानेवारीत सगळे सोलापुरात येतात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत, नंदीध्वजाची मिरवणूक बघतात, एक दिवस कोणाच्या तरी शेतात हुरडा आणि शेंगाचटणी. कामाचा विषय अर्धाच दिवस. ऑफिसचं वाचलेलं भाडं या भेटीवर खर्च करा, कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोग होतो, कारण एकदा शेजारी बसून जेवलेल्या माणसाचा तुटक मेसेज आला तरी राग येत नाही.

सुट्ट्या कुठल्या?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना. बाकीच्या ज्याच्या त्याच्या. कोणाला नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ असतो म्हणून पाहिजे, कोणाला ईद, पंढरपूरच्या माणसाला आषाढीला गावात गाडीसुद्धा हलवता येत नाही. वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्यायचं.

लॅपटॉप घरी, ग्राहकाचा डेटा घरी, चोरी झाली तर?

लॅपटॉप कंपनीचाच, डिस्क एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी), प्रत्येक लॉगिनला दोन पायऱ्या, पासवर्ड मॅनेजर, आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी सगळे प्रवेश बंद. कोणाला कशाचा प्रवेश आहे त्याची यादी एका जागी ठेवा. ग्राहकाचा डेटा लॅपटॉपवर उतरवूच नका.

कोणी गुपचूप दुसरी नोकरीही करत असेल तर?

करारात स्पष्ट लिहा, आमच्या ग्राहकाच्या स्पर्धकाचं काम नाही आणि आमच्या वेळेत दुसरं काम नाही. शनिवारी क्लास घेतो, शेती बघतो, भावाच्या दुकानाचे हिशोब करतो, त्याला आमची ना नाही, फक्त सांगायचं.

रिमोट कोणाला जमत नाही?

ज्या धंद्यात माल हाताळायचा आहे त्याला अर्थातच नाही, मागावर माणूस लागतोच. ज्या मालकाला लिहायचा कंटाळा आहे आणि सगळं फोनवर सांगायची सवय आहे त्यालाही जमणार नाही, त्यानं ऑफिस घ्यावं, त्यात कमीपणा नाही. आणि ज्या माणसाला चार जणांच्या गलबल्यात असल्याशिवाय कामच सुचत नाही त्याला ओढून आणू नका.

आधीपासून ऑफिस आहे, आता रिमोट व्हायचंय, कुठून सुरू करू?

मालकानं आधी घरी बसायचं. महिनाभर. त्या महिन्यात तुमच्यापर्यंत काय पोचलं नाही याची यादी करा, तेवढंच पहिल्यांदा लिहायला घ्यायचं. ऑफिसचा करार संपायला वेळ असेल तर जागा लगेच सोडू नका, रिकामी राहू द्या, लोक कशासाठी तिथं परत जातात ते बघा, प्रिंटरसाठी का गप्पांसाठी.

भेटायला यायचं तर कुठं येऊ?

आधी दोन ओळींत लिहून पाठवा कशासंबंधी आहे ते, बहुतेक प्रश्न तिथंच सुटतात. तरी भेटायचंच असेल तर दुपारी चारनंतर पार्क चौकात भेटू, उन्हाळ्यात सहानंतर.